फुरसतीचा हक्क आणि सायंकाळचा दीड तास

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘विद्यार्थ्यांवरील ताणतणाव आणि छंदांचे महत्त्व’ हा विषय माझ्याकडे सोपविला. या विषयावर चार पाने लिहिणे अवघड नाही. वाचन करावे, बागकाम करावे, संगीत ऐकावे, रोज फिरावयास जावे, पुरेशी झोप घ्यावी, असे सल्ले दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरही सापडतात आणि त्यांत चुकीचे काही नसते. परंतु हा विषय हाती आला त्याच सत्रात आपल्या शाळेच्या पालक सभेत एक मागणी पुढे आली. तिला उत्तर न देता छंदांची यादी सादर करणे मला योग्य वाटत नाही.

मागणी अशी : सायंकाळी पाच ते साडेसहा हा खेळाचा वेळ बंद करावा आणि त्या वेळात आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षांचे जादा वर्ग सुरू करावेत. आपल्या वसतिगृहाचा दिनक्रम माजी विद्यार्थ्यांना आजही पाठ असेल. पहाटे साडेपाचची घंटा, दिवसभर शाळा, सायंकाळी साडेसहाला वंदना, मग भोजन आणि त्यानंतर रात्री दहापर्यंत अभ्यासिका. ज्या वेळेवर घंटेची, शिक्षकांची वा गृहपालांची सत्ता नाही, असा वेळ या साऱ्या दिवसात एवढाच. मागणी करणाऱ्या पालकांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांतील काही जण याच शाळेत शिकून गेले आहेत. त्यांच्यापैकी एक जण अतिशय तळमळीने म्हणाले, “सर, खेळायला आपल्या पोरांकडे वेळ कुठे आहे? आधीच आपण किती मागून निघालो आहोत.” सभा गप्प झाली. अशा वाक्याला सभेत दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही. म्हणून ते येथे लिहीत आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. हा दीड तास जादा वर्गांना देऊ नये. त्याची आरोग्यविषयक कारणे आहेत व ती पुढे येतीलच. परंतु मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि मला दिसणारे पहिले कारण आपल्या इतिहासातले आहे.

फुरसत म्हणजे केवळ काम नसणे नव्हे. दुष्काळात गावात कोणालाच काम नसते, तेव्हा त्या रिकामपणाला कोणी फुरसत म्हणत नाही. ज्या वेळात काय करावयाचे हे माणूस स्वतः ठरवितो, तो वेळ फुरसतीचा. या अर्थाने पाहिले तर आपल्या पूर्वजांजवळ ती नव्हतीच. महार वतनाची व्यवस्था आठवून पाहावी. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेल्या या माणसाला दिवसा वा रात्री केव्हाही बोलावणे येई. सांगावे पोहोचविणे, अंमलदारांच्या दिमतीस राहणे, मैलोन् मैल पायी चालत जाणे, ही कामे ठरलेली. परंतु त्यांचे तास ठरलेले नव्हते. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. मोबदला म्हणून तुटपुंजे इनाम आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप नेमका हाच होता की या सेवेला वेळेची मर्यादा नाही. ही वतने कायद्याने नष्ट व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. आज या शाळेत ज्यांची नातवंडे शिकत आहेत अशा अनेक आजोबांनी आपल्या वडिलांना त्या बोलावण्यावर उठून जाताना पाहिलेले आहे.

वर्गात आम्ही पाण्याची बंदी शिकवितो, मंदिराची बंदी शिकवितो, शाळेच्या दाराबाहेर बसविले गेल्याच्या आठवणी शिकवितो. वेळ हिरावून घेतला गेला होता, हे मात्र क्वचितच शिकविले जाते. कदाचित वेळ डोळ्यांना दिसत नाही म्हणून असेल. चवदार तळे दाखविता येते.

दुसऱ्या बाजूने हेच पाहावे. इंग्रजीतील ‘स्कूल’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील ‘स्खोले’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ फुरसत असा होतो. ज्याला पोटासाठी राबावे लागत नाही त्याने मोकळ्या वेळात विचार करावा, संगीत शिकावे, व्यायाम करावा, वादविवाद करावा; शाळा या संस्थेची सुरुवात या कल्पनेतून झाली. अथेन्समधील नागरिकाला ही फुरसत मिळत होती, कारण त्याच्या घरी आणि त्याच्या खाणीत गुलाम राबत होते. आपल्याकडेही विद्या आणि श्रम यांची अशीच फारकत झाली, आणि ती जन्मावरून झाली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली शिकले त्या प्राध्यापक जॉन ड्यूई यांचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्रम आणि फुरसत यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एका वर्गाने राबावे आणि दुसऱ्याने फुरसतीत सुसंस्कृत व्हावे, या विभागणीमुळे शिक्षणही दुभंगले, असा त्यातील विचार आहे. पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू घेतली, तीही याच भूमिकेवरून. यंत्रामुळे माणसाची पशुवत राबणुकीतून सुटका होईल, त्याला फुरसत मिळेल आणि फुरसतीशिवाय संस्कृती संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चरख्याकडे परत जाण्याचा सल्ला ज्यांना मोहक वाटत होता, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुरसत मिळालेली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

हा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. त्यांच्या मागण्यांत आठवड्यातून एक दिवस सुटी ही प्रमुख मागणी होती आणि ती पदरात पडावयास १८९० साल यावे लागले. आपण ज्या रविवारी वसतिगृहात मुलांना भेटावयास येता, त्या रविवारच्या मागे हा लढा आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत भरपगारी रजेचे तत्त्व कारखाना कायद्यात आले आणि १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगारांना निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळाव्यात, यासाठी राज्याने प्रयत्न करावेत असे तत्त्व समाविष्ट झाले. फुरसत हा शब्द भारताच्या संविधानात आहे. आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांना मी तो अनुच्छेद मुद्दाम वाचावयास लावतो.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेब स्वतः अठरा अठरा तास अभ्यास करीत. खरे आहे. लंडनमध्ये ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसणारा तो विद्यार्थी आपल्या प्रत्येकाच्या मनात आहे. जयंतीनिमित्त ठिकठिकाणी अठरा तास सलग अभ्यासाचा उपक्रम होतो; आपल्या शाळेतही होतो, आणि त्या दिवशी मीही मुलांबरोबर बसतो. अभिवादन म्हणून तो उपक्रम फार चांगला आहे. परंतु वर्षातील एका दिवसाचे अभिवादन तेरा वर्षांच्या मुलाचा रोजचा दिनक्रम होऊ शकत नाही. बाबासाहेबांनी अठरा तास अभ्यास केला तो अर्धपोटी राहून, शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असताना, पुन्हा तशी संधी मिळेल की नाही हे ठाऊक नसताना. त्यांच्या शरीराने त्याची किंमत मोजली. उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना किती ग्रासले होते हे त्यांच्या चरित्रांतून दिसते. त्या निरुपायाचे आपण नियमात रूपांतर का करावे?

शिवाय त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू आपण फारशी सांगत नाही. त्यांना चित्रकलेची आवड होती, बागेची होती, कुत्री पाळण्याची होती. हौसेने ते स्वयंपाकही करीत. उतारवयात, राज्यघटनेसारखे काम हातून झाल्यावर, त्यांनी व्हायोलिन शिकावयास घेतले. त्यांचे व्हायोलिन पुण्यातील सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. सहलीत मुलांना तेथे नेले की ती त्या काचेपाशी हमखास रेंगाळतात. ग्रंथ, चष्मा, लेखणी या वस्तू त्यांना अपेक्षित असतात; व्हायोलिन अपेक्षित नसते. “बाबासाहेबांना येत होतं का सर?” असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते. शिकत होते, असे मी सांगतो. साठीच्या आसपासचा, जगभर कीर्ती पावलेला माणूस कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे तर स्वतःसाठी काही नवे शिकत होता, हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला अठरा तासांच्या गोष्टीने उमटलेले दिसलेले नाही.

तंतुवाद्याचा विषय निघाला म्हणून पालि साहित्यातील सोण कोळिविस याची कथा सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ती प्रवचनात ऐकली असेल. श्रीमंत घरात अत्यंत सुकुमारपणे वाढलेला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ शीतवनात इतक्या निकराने साधना करू लागला की चंक्रमण करताना त्याचे तळपाय फुटून रक्त आले. तरीही मन मुक्त होईना. घरी परत जावे, असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला विचारले की घरी असताना तू वीणा वाजवीत होतास ना. तारा फार ताणलेल्या असताना ती सुस्वर वाजत होती काय? आणि फार सैल असताना? सोणाला उत्तर ठाऊकच होते. ही कथा मध्यम मार्गाचा दृष्टान्त म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यातील एक साधी गोष्ट नेहमी थांबविते. थकलेल्या, निराश झालेल्या शिष्यापुढे तथागतांनी शास्त्र उलगडले नाही. तो घरी ज्या विरंगुळ्यात रमत होता, तो विरंगुळा त्यांना माहीत होता आणि त्यांनी तेथूनच संवाद सुरू केला. आपल्या वर्गातील कोणता मुलगा काय वाजवितो, काय गातो, कशात रमतो, हे आपणा शिक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असते?

आता आरोग्याचे. निवासी शाळेत मुले पाचवीत येतात तेव्हा दहा-अकरा वर्षांची असतात. पहिले सत्र कठीण जाते. रात्री दिवे मालवल्यावर पांघरुणातून येणारे हुंदके प्रत्येक गृहपालाने ऐकलेले असतात. आपल्याकडील कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात व पाच-सहा महिने परगावी असतात. रविवारी फोन लागेलच याची शाश्वती नसते. अशा मुलाला आपण ‘ताण’ हा शब्द शिकविलेला नसतो. तो पोट दुखते म्हणून सांगतो, डोके दुखते म्हणून सांगतो, किंवा काहीच सांगत नाही. माझ्या अनुभवात अशी मुले सर्वप्रथम बोलू लागतात ती मैदानावर. लगोरी फुटली, की ज्याचे नाव कोणाला ठाऊक नसते त्यालाही हाका मारल्या जातात. खो देताना पाठीवर हात पडतो. आठवडाभर कोणी स्पर्शही केला नसेल अशा मुलाच्या दृष्टीने तो हात किती महत्त्वाचा असतो, हे मी येथे काम करूनच शिकलो. धावून दमलेले मूल भरपेट जेवते आणि झोपते. झोपलेल्या मुलाच्या लक्षात दुसऱ्या दिवशीचा धडा राहतो. यात गूढ असे काही नाही. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान साठ मिनिटे शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खेळ आणि विश्रांती हा बालकाचा हक्क आहे असे १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद ३१ म्हणतो आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये मान्य केलेली आहे.

आणि एक आकडा जड मनाने लिहितो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि राज्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येक घटनेमागील कारणे वेगवेगळी असतात. त्या सर्वांना एकच कारण चिकटविणे हा त्या मुलांवर अन्याय होईल. मैदान हा त्यावरचा रामबाण उपाय आहे असेही मी म्हणणार नाही. ज्या मुलाची झोप, भूक व बोलणे बदलले आहे त्याला डॉक्टरकडे व समुपदेशकाकडे नेलेच पाहिजे. परंतु तो बदल कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो. बाकावर साठ मुले एका दिशेने तोंड करून बसलेली असताना ते कळत नाही. रोज खेळणारा मुलगा कडेला बसून राहिला, की ते त्याच दिवशी कळते.

भ्रमणध्वनीविषयी फार लिहीत नाही. तो विषय आता प्रत्येक घरात रोज निघतो. एवढेच म्हणतो की मैदान बंद केल्याने वाचलेला वेळ अभ्यासाकडे जाईल असे समजणे भाबडेपणाचे आहे. सुटीत घरी गेलेले मूल तो वेळ कोठे भरून काढते हे पालकांनीच पाहिलेले आहे.

विरंगुळा म्हटला की आपल्या समाजात आणखी एक अडचण येते आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीतील एक मुलगा सायंकाळी हलगी वाजवू लागला. हात विलक्षण होता. चार मुले भोवती जमत, मग दहा. एका पालकांनी याला हरकत घेतली. ते संतापले नव्हते, दुखावलेले होते. त्यांचे म्हणणे असे की दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मिरवणुकीत, दारात उभे राहून वाजविणे आमच्या वाडवडिलांनी मोठ्या निर्धाराने सोडले. त्यापायी गावाचा रोष पत्करला. आणि आज आमचीच शाळा ते मुलांच्या हाती देते? या हरकतीला मी हलके मानत नाही. १९२७ च्या महाड परिषदेपासून आपल्या लोकांनी हीनत्वाची कामे एकेक करून टाकून दिली, आणि ती टाकताना उपासमारही सोसली. तरीही माझे मत त्या मुलाच्या बाजूने पडले. वेठ होती ती हलगीत नव्हती. केव्हा वाजवायचे, कोणासाठी वाजवायचे आणि नाही म्हणता येते की नाही, यात होती. हा मुलगा आपल्या अंगणात, आपल्या मर्जीने, आपल्या मित्रांसाठी वाजवीत होता. कंटाळा आला की ठेवून देत होता. त्याच्या पणजोबांना हे ‘ठेवून देणे’ शक्य नव्हते. त्या पालकांना हे सारे पटले असे मी म्हणणार नाही. स्नेहसंमेलनाला ते आले, पहिल्या रांगेत बसले आणि हलगी सुरू असताना खाली पाहत राहिले. त्यांच्या त्या खाली पाहण्याचाही मी आदर करतो.

आपल्या चळवळीचे गाणे तरी कोणत्या वेळात घडले? भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगावी बाबासाहेबांचा विचार नेला, तेव्हा त्यांना ऐकावयास जमणारी माणसे दिवसभर राबून आलेली असत. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मोलमजुरी करताना, वयात आल्यानंतर ते अक्षरे शिकले आणि पुढे अवघ्या महाराष्ट्राच्या ओठांवर त्यांची गाणी आली. बीडीडी चाळीच्या एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत होती. पाळी सुटल्यावर जो काही थोडा वेळ मिळे त्यात रात्रशाळा चालत, तालमी चालत, कबड्डीचे संघ उभे राहत, ढोलकी घुमे. तो वेळ कामगारांनी मागून, भांडून मिळविला होता. त्यातून चळवळीला वक्ते, कवी आणि कार्यकर्ते मिळाले.

खेळाच्या मैदानावर सारे काही निर्मळ होते, असा याचा अर्थ नाही. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करीत आणि सरावाच्या वेळी इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकत. पुढे हिंदू संघातून खेळतानाही त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांच्याविषयी अभिमान वाटत असे. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले, हा इतिहासाचा एक विचित्र योग. हे सांगण्याचे कारण असे की ज्या मैदानात पाऊल ठेवण्यासाठी एवढी प्रतिभा लागत होती, ते मैदान आज आपल्या मालकीचे आहे, आणि त्यावर पाऊल ठेवण्यासाठी कोणत्याही प्रतिभेची अट नाही. खेळता न येणाऱ्यानेही तेथे खेळावे.

याच ठिकाणी शाळेलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. खेळाचा तास राखावा म्हणताना काही सहकाऱ्यांची सूचना अशी आहे की त्याला ‘उपक्रम’ करावे : प्रशिक्षक नेमावेत, प्रत्येक मुलाला एक छंद सक्तीचा करावा, नोंदवही ठेवावी, वर्षअखेरीस प्रमाणपत्रे द्यावीत. यालाही माझा विरोध आहे. सक्तीचा छंद हा आणखी एक विषयच होतो. कोणाला त्या दीड तासात बांधावर बसून ढग पाहावयाचे असतील तर पाहू द्यावेत. ध्यानाबाबतही असेच. शनिवारची आनापान साधना मुलांना शांत करते, हे मी पाहिले आहे. परंतु ध्यानाचा वर्ग आहे म्हणून खेळ नको, हा युक्तिवाद मला मान्य नाही. दमून आलेले मूल सायंवंदनेला अधिक स्वस्थ बसते.

आणि मुलींचे काय? सायंकाळी पाच वाजता मैदानावर मोजणी करावी. मुलींच्या वसतिगृहात दीडशेच्या वर मुली आहेत. मैदानावर त्यांतील वीस-पंचवीस दिसतात. उरलेल्या कपडे धूत असतात, लहान मुलींच्या वेण्या घालत असतात, भोजनगृहात धान्य निवडावयास हातभार लावत असतात, किंवा मुलांनी मैदान व्यापले म्हणून ओट्यावर बसून पाहत असतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे आढळले की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही विभागणी घरी सुरू होते, हे खरे. परंतु ती आपल्या वसतिगृहातही चालू राहावी, हे आपल्याला शोभत नाही. आपल्या आज्यांनी जात्यावर भीमाच्या ओव्या गाइल्या आणि त्या अमोल आहेत. पण त्या दळता दळता गाइल्या गेल्या, हे विसरू नये. पीठ संपेपर्यंत हात थांबत नव्हता. नातीला जात्याशिवाय गाता आले पाहिजे. मोकळ्या वेळेवरचा वतनदारी हक्क मोडावयाचा असेल तर तो घरातल्या घरातही मोडावा लागेल.

पालकांच्या चिंतेला प्रत्यक्ष उत्तरही दिले पाहिजे, कारण स्पर्धा खरी आहे आणि शहरातील मुलांच्या तुलनेत आपल्या मुलांना मार्गदर्शन कमी मिळते हेही खरे आहे. माझा प्रस्ताव असा. जादा वर्ग जरूर घ्यावेत. ते रविवारी सकाळी आठ ते दहा आणि रात्रीच्या अभ्यासिकेतील पहिल्या तासात घ्यावेत. रात्रीच्या अभ्यासिकेत आज एक शिक्षक दोन दालने सांभाळतो. तेथे दोन शिक्षक असावेत. माझे नाव त्यासाठी मी आताच देतो. दहावीच्या वर्गासाठी जानेवारीनंतर खेळाचा वेळ दीड तासाऐवजी एक तास करावयास माझी हरकत नाही. त्याखाली मात्र जाऊ नये. पाचवी ते सातवीच्या वेळेला कोणीही हात लावू नये. हा प्रस्ताव मी शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत लेखी मांडणार आहे आणि विरोधी मत असलेल्या पालकांनी त्या बैठकीस अवश्य यावे.

माजी विद्यार्थी मित्रहो, स्मरणिका हाती पडल्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण शाळेला काही द्यावे म्हणून विचारणा करतात, आणि बहुधा संगणक वा स्पर्धा परीक्षांची पुस्तके पाठवितात. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या वर्षी दुसरी यादी देतो. मुलींच्या वसतिगृहामागील पटांगण मुरूम टाकून सपाट करावयाचे आहे आणि तेथे दोन दिव्यांचे खांब हवे आहेत, कारण हिवाळ्यात सहालाच अंधारते. व्हॉलीबॉलची जाळी फाटली आहे. हार्मोनियमच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत आणि भाता गळतो. दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला आहे, त्याने खर्चाचा अंदाज दिलेला आहे. ग्रंथालय पाच वाजता बंद होते. ते साडेसहापर्यंत उघडे ठेवण्यासाठी, आठवड्यातून एक सायंकाळ देऊ शकतील असे गावातील चार-पाच माजी विद्यार्थी हवे आहेत. आणि त्या हलगीचे पान उन्हाने तडकले आहे, तेही बदलावयाचे आहे.